नऊ वेढ्यांची कॉइल

त्या केसची आठवण निघाली की मला सगळ्यात आधी एक जळालेला खिसा दिसतो. निळी जीन्स, उजवा खिसा, आणि खिशाच्या जागी बशीएवढं भोक. ती पँट मुद्देमाल म्हणून ठाण्यात आली तेव्हा तिला जळक्या प्लास्टिकचा आणि पिकलेल्या आंब्याचा असे दोन वास एकदम येत होते. रक्ताचे कपडे मी नोकरीत पुष्कळ हाताळले. असला वास कधी घेतला नव्हता.

मी बंगळूरचाच. आमची माणसं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांमागून इकडे आली आणि इकडचीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आमचं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं हसतात. हसू देत. शाळा दहावीपर्यंत, तीही दुसऱ्या खेपेला सुटली. कॉन्स्टेबल म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. बायको माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलेली होती. माझा प्रत्येक अर्ज, प्रत्येक रिपोर्ट ती आधी वाचायची आणि पेन्सिलीनं खुणा करायची. आता हे लिहितोय ते तसंच जाणार. खुणा करायला घरात कोणी नाही.

केस लिहायची तर नावं लिहायची नाहीत, हा नियम आम्हाला पहिल्यापासून पक्का. तो पाळतो.

ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली त्यानंतरची ही गोष्ट. माझी ड्युटी शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात होती. सकाळी हजेरी झाल्याबरोबर इन्स्पेक्टर साहेबांनी बोलावलं. म्हणाले, व्हाइटफील्डच्या आयटी पार्कमध्ये एका पोराच्या खिशात काहीतरी फुटलंय, दवाखान्यात आहे, पुण्याचा आहे, तुमच्या भाषेचा आहे, तुम्हीच जा.

गेलो. सव्वीस वर्षांचा पोरगा. उजवी मांडी चांगलीच भाजलेली, हाताच्या दोन बोटांना बँडेज. शेजारी वडील, पहिल्या विमानानं आलेले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची फाइल. मी मराठीत बोलल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं, आपलं माणूस भेटलं," ते म्हणाले. मग माझी दोन वाक्यं ऐकून विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचाही इथलाच," मी म्हटलं आणि जबाबाचा कागद काढला.

ते फुटलेलं यंत्र, म्हणजे ई-सिगारेट, काय असतं ते आधी सांगतो, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. जाड पेनाएवढी नळी. खाली बॅटरी. वर बारीक तारेची कॉइल, म्हणजे स्प्रिंगसारखे वेढे. कॉइलमध्ये कापूस, कापसात गोड वासाचा रस. बटण दाबलं की कॉइल तापते, रसाची वाफ होते आणि माणूस ती ओढून धूर सोडतो. कॉइल गेली की नवी घालायची, बॅटरी चार्ज करायची. विकायला बंदी आहे. म्हणून मिळत नाही असं समजू नका.

पोरगा म्हणाला, "अंकल, बॅटरी डुप्लिकेट होती. सहा महिन्यांपूर्वी घेतलं तेव्हा दोन-दोन दिवस चालायची. हल्ली लंचपर्यंत पण टिकत नव्हती. दिवसातून तीनदा चार्ज करायचो. हातात गरम व्हायची."

कॉइल कुठली, ते विचारलं. म्हणाला, इथल्याच शिवाजीनगरच्या दुकानातली, नवी आणून बसवली होती. "जशी दिली तशी बसवली. मी काहीच केलं नाही." मी शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि सही घेतली. डाव्या हाताची. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं विकलं तो आत आणि ज्यानं बनवलं तोही आत.

मी खोटं कशाला बोलू, मला त्या पोराची दया आली होती. आपल्या भाषेत कण्हणारं माणूस असलं की दया जरा लवकरच येते. हे पोलिसाच्या कामाचं नाही, हे मला नंतर कळलं.

शिवाजीनगरच्या बस स्टँडजवळ एक लिंबू सोडेवाला होता. त्याच्याकडून अधूनमधून खबर मिळायची. त्याला विचारलं तर त्यानं मान वर न करता सांगितलं, की मागच्या गल्लीत फोनच्या कव्हरांचं दुकान आहे, तिथं कव्हरं कमी आणि कॉलेजची पोरं जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारी पंच घेऊन धाड घातली. कव्हरांच्या मागच्या खोक्यात यंत्रं, रसाच्या बाटल्या, आणि चार काडेपेट्या. काडेपेट्यांत काड्या नव्हत्या. मोहरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, चकचकीत कॉइली ओळीनं कापसावर झोपवलेल्या होत्या. एवढं नीट काम चोरीच्या धंद्यात दिसत नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, पण मी ते सोडून दिलं.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. माझी एक पद्धत होती. पहिली पंधरा मिनिटं काही विचारायचं नाही. कॉफी द्यायची, जप्तीच्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि आपण रजिस्टर लिहीत बसायचं. माणूस ज्या वस्तूकडे पुन्हा पुन्हा बघतो, तिथून सुरुवात करायची. हा गडी काडेपेट्यांकडे बघत होता. मी त्यातली एक उचलली आणि उघडली. एवढं पुरलं.

यंत्रं बाहेरून येतात, बॅटऱ्याही बाहेरून, असं म्हणाला. कॉइली मात्र एक बाई करते. आनेकलला. "तिनंच चूक केली असणार सर. वय झालंय, डोळे गेलेत तिचे." माणूस अडकला की आपल्याहून गरीब माणसाचं नाव आधी घेतो, हे मी नोकरीभर बघितलं. तरी मी पत्ता लिहून घेतला आणि महिला कॉन्स्टेबलला घेऊन जीपनं निघालो.

आनेकलच्या बाहेर कारखान्यांच्या मागं एका ओळीतली घरं. बाई पन्नाशी ओलांडलेली, विधवा. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तीस वर्षं तारेचे वेढे घालण्याचं काम करणारी, अजून कंत्राटावरच. आतल्या खाटेवर सासू, अंथरुणाला खिळलेली. मी तिला अक्का म्हटलं, तिनं मला अण्णा. बोलणं कन्नडमध्ये झालं, इथं मराठीत लिहितो.

तिला वाटत होतं कॉइली हॉटेलांतल्या सुवासाच्या यंत्रांत जातात. दुकानदारानं तसंच सांगितलं होतं. मी सांगितलं की एका पोराच्या खिशात यंत्र फुटलं, मांडी भाजली. ती खाली बसली. मला वाटलं, आता म्हणेल मी नाही, मला माहीत नाही. सगळे तेच म्हणतात.

तिनं विचारलं, "पाय राहिला का?"

राहिला, म्हटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. नंतर म्हणाली, "माझी कॉइल चुकत नाही, अण्णा."

मी म्हटलं, प्रत्येक जण असंच म्हणतो. ती उठली आणि देवाच्या फळीवरून एक दोरा काढून आणला. दोऱ्यात कॉइली ओवलेल्या, एकेकीला कुंकवाचा ठिपका. कारखान्यात त्यांचा रिवाज असा, की नवं रीळ लावलं की पहिला नग तपासून बाजूला ठेवायचा आणि रीळ संपेपर्यंत बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. ती घरच्या कामातही तेच करायची, वर कुंकू लावायची. नऊ वेढे, लाकडी ठोकळ्यात उभ्या रोवलेल्या दाभणावर घातलेले. दोन्ही टोकांना बारीक आकडा, म्हणजे यंत्रातल्या स्क्रूभोवती नीट बसते आणि बोटालाही टोचत नाही. तिनं माझ्यासमोर एक करून दाखवली. डोळे गेलेले नव्हते. तिला बघायची गरजच नव्हती.

निघताना तिनं एकच विचारलं. पोलिसात नाव गेलं की कंत्राटदार गेटच्या आत घेत नाही, आणि तिला आत टाकलं तर सासूला पाणी कोण देणार. मी म्हटलं, बघू. पोलिसाच्या तोंडचं 'बघू' काय असतं ते तिलाही माहीत होतं.

दोऱ्यातला शेवटचा, म्हणजे चालू रिळाचा पहिला नग पाकिटात घालून आणला. आमच्या वायरलेस विभागात एक हवालदार होता, मीटर घेऊन कशातही डोकं घालणारा. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला महिने लागतात, म्हणून साहेबांच्या परवानगीनं, पंचांसमोर, त्याला फुटलेलं यंत्र आणि पहिला नग दोन्ही दाखवले. त्यानं मोजलं, तारेची जाडी ताडून बघितली, वेढे मोजले. तार तीच. पहिल्या नगात नऊ वेढे. फुटलेल्या यंत्रातल्या कॉइलला चार.

मी म्हटलं, मला समजेल असं सांग. तो म्हणाला, "अण्णा, तार लांब असली की करंटला अडवते. आखूड झाली की अडवणं कमी, करंट धावत सुटतो. मग कॉइल जोरात तापते, धूर भरपूर, चव भरपूर. पण तेवढं सगळं बॅटरीतून जातं. बॅटरी लवकर उतरते, तापते. ही बॅटरी लहान आहे, एवढं द्यायला ती केलेलीच नाही. नऊ वेढ्यांना ती दोन दिवस पुरली असती. आणि यंत्र स्वस्तातलं, मध्ये थांबवणारं काही नाही त्यात."

साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, झालं तर मग. नऊच्या जागी चार घातले, बाईची चूक. आरोपी नंबर दोन. सोमवारी हजर करा. तो शुक्रवार होता. तिनं दिलेला पहिला नगच तिच्या विरुद्ध पुरावा झाला होता आणि तो मीच उचलून आणला होता.

आता घरचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय ही केस पुरी होत नाही.

बायकोला हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती, म्हणून स्वयंपाकघरात स्टूल ठेवलेलं. गॅस होता, पण दूध आणि कॉफीचं पाणी ती एका जुन्या विजेच्या शेगडीवरच तापवायची. आम्ही पोलीस क्वार्टरमध्ये राहायला गेलो तेव्हा गॅसचा नंबर लागला नव्हता, तेव्हा घेतलेली. गोल मातीची तबकडी, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत कॉइल. शेगडी खाली जमिनीवर, शेजारी तिचं स्टूल. दुधाला किती वेळ लागतो हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तेवढ्या वेळात ती माझे कागद वाचायची.

शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो. दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला, पाठोपाठ जळका वास. धावत गेलो. दूध तबकडीभर, आणि भिंतीतला प्लग काळा पडलेला. मी ओरडलो. म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं, आत्ता तर ठेवलं होतंस.

ती शांतपणे म्हणाली, "आत्ताच ठेवलं होतं, तेच सांगतेय. तीन वेळा म्हटलं, नवी कॉइल आणा. तुम्ही शिवाजीनगरला गेलात, धाड घातलीत, चार काडेपेट्या कॉइली जप्त करून आणल्यात. घरची एक आणली नाहीत."

मी हसलो नाही. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही.

बटण बंद करून मी शेगडी उचलली. ती म्हणाली, "तुटली की मी दोन टोकं ओढून एकमेकांत अडकवते. दर वेळी बोटभर तार जाते. बघितलीत ना, कशी पांढरी पेटत होती? बघणाऱ्याला वाटेल, जोरात चाललीय."

मी तसाच जमिनीवर बसलो, अर्ध्या गालाला साबण. तिला सगळी केस सांगितली. नोकरीत असं करायचं नसतं. मी कायम केलं. ती ऐकत होती आणि फडक्यानं दूध टिपत होती.

"बॅटरी सहा महिने चांगली होती?"

हो, म्हटलं.

"मग कधीपासून उतरायला लागली? नवी कॉइल घातली त्या दिवसापासून, का नंतर?"

जबाबात 'हल्ली' एवढंच लिहिलं होतं.

"हे विचारलं नाहीत?" तिनं फडकं पिळलं. "आपली शेगडी आणली तेव्हा चांगलीच होती. आखूड मी केली. त्या बाईनं आखूड करून दिली हे कुणी बघितलं?" मग शेगडी माझ्याकडे वळवली. कॉइलचं एक टोक कंपनीचं होतं, नीट गोल वळवून स्क्रूखाली बसवलेलं. मधली जोडणी तिची, वेडीवाकडी. "हे त्यांचं, हे माझं. बघितलं की कळतं. तुमच्या कॉइलची टोकं बघितलीत का?"

मी तोंड धुऊन सरळ ठाण्यात गेलो. चहासुद्धा घेतला नाही. तिनं तो घेऊन जा म्हटलं होतं. ते आता आठवतं.

साहेबांना विनंती केली, पंच बोलावले, मुद्देमालाचं सील पुन्हा काढलं, रीतसर पंचनामा केला. बोटांचे ठसे बघायचं भिंग घेऊन खिडकीशी बसलो. जळालेल्या कॉइलच्या एका टोकाला आकडा होता, अक्काचा, स्क्रूभोवती बसलेला. दुसऱ्या टोकाला आकडा नव्हता. तार सरळ, टोक चपटं, तोडल्यासारखं, आणि ते स्क्रूखाली नुसतंच कोंबलेलं. मग चारही काडेपेट्यांतल्या कॉइली एकेक करून बघितल्या. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी आलं. एकूण एक नऊ वेढ्यांची, एकूण एकीला दोन आकडे.

रविवारी सकाळी दवाखान्यात गेलो. वडील खाली कॉफीला गेले तेव्हाच आत शिरलो. पोराला विचारलं, नवी कॉइल घातल्यावर पहिले दिवस बॅटरी कशी चालली?

"ओके होती," तो म्हणाला. "एक आठवडा तरी."

"आणि मग?"

तो छताकडे बघायला लागला. मी भिंगातून काढलेला फोटो त्याच्या पांघरुणावर ठेवला. त्याच्या सामानाची यादी मीच केली होती, तिच्यात एक नेलकटर होतं. ते कशाला वापरलं, हे विचारलं नाही. नुसतं म्हटलं की यादीत नेलकटर आहे.

माणूस खोटं सोडायच्या आधी एकदा दाराकडे बघतो. त्यानं बघितलं. वडील आले नव्हते.

मग मी त्याला आनेकलची बाई सांगितली. दाभण, कुंकू, खाटेवरची सासू, सगळं. म्हटलं, उद्या तिला अटक आहे. तुझ्याबद्दल ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा काय विचारलं, सांगू? पाय राहिला का, असं विचारलं.

पोरगा रडला. ऑफिसातल्या मित्रांचे मोठाले धूर निघायचे, याचा बारीक. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं, वेढे कमी केले की धूर वाढतो. नेलकटरनं पाच वेढे काढले. "धूर एकदम मस्त यायला लागला अंकल. बॅटरी उतरते म्हणजे बॅटरीच जुनी झाली, असं वाटलं मला." जबाबाच्या वेळी सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर म्हणाला, "बाबा म्हणाले, चूक कुणाची ते आधी ठरव, मग बोल."

पुरवणी जबाब लिहून होत होता तेवढ्यात वडील आले. कागद वाचला. माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "तुम्ही आपले असून हे केलंत?"

"साहेब, मी इथला आहे," मी म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

पोरानं डाव्या हातानं सही केली आणि विचारलं, त्या आजींना माझं सॉरी सांगाल का? सांगितलं मी. आजी म्हणाला हे मात्र अक्काला सांगितलं नाही.

सोमवारी अटक झाली नाही. दुकानदारावर बंदीच्या कायद्याखाली केस उभी राहिली, अक्का साक्षीदार झाली. साक्षीचा जबाब घ्यायला गेलो तेव्हा बोलता बोलता घरच्या शेगडीचा विषय निघाला. तिनं तबकडी केवढी, खाच किती रुंद, एवढं विचारलं. मी हातानं दाखवलं आणि विसरलो. पंधरा दिवसांनी ती बस बदलत ठाण्यात आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कॉइल माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "वहिनींसाठी."

मी परत केली. साक्षीदाराकडून केस चालू असताना सुईसुद्धा घ्यायची नाही, हा नियम. सगळ्यांसमोर, जरा कडक आवाजात सांगितलं. ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली, कॉइल पिशवीत घातली आणि गेली.

घरी हे सांगितलं आणि बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाईनं हातानं केलेली वस्तू. आरोपीसारखी हाकललीत तिला." मी म्हटलं, केसचा निकाल लागू दे, मी स्वतः जाऊन आणतो. बाजारातून दुसरी आणू का, असंही विचारलं. नको म्हणाली. तीच हवी. शेगडी तिनं धुऊन, पुसून, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायला दिली. मग दूध गॅसवर.

कोर्टाच्या तारखा पडत गेल्या. एकदा वकील नाही, एकदा पंच नाही. ती मधूनमधून विचारायची, तुमच्या केसचं काय झालं? मला वाटायचं केसचंच विचारतेय. माझ्या निवृत्तीला एक महिना राहिला होता तेव्हा ती गेली. सकाळी स्टुलावर बसली होती, माझा पेन्शनचा अर्ज वाचत. तिसऱ्या ओळीवर पेन्सिलीची खूण आहे. पुढं नाही.

निकाल त्यानंतर लागला. दुकानदाराला शिक्षा झाली. कोर्टातून मी घरी गेलो नाही, बसनं आनेकलला गेलो. आता अंगावर वर्दी नव्हती, अक्कानं ओळखायला स्वल्प वेळ घेतला. तिची सासूही गेली होती. मी बसलो. तिनं विचारलं, वहिनी? मी मान हलवली. ती देवाच्या फळीकडे गेली. शेगडीची कॉइल तिथं दोऱ्यात टांगलेली होती, टोकाला कुंकू.

"पहिला नग आहे, अण्णा," ती म्हणाली. "असा दुसरा केला नाही."

ती कॉइल मी स्वतः बसवली. तबकडीच्या खाचेत ती अशी बसली, की कुठं ओढायला नको, दाबायला नको. पुऱ्या लांबीची असल्यामुळे सावकाश तापते. आधी काळी, मग विटकरी, मग लाल. पांढरी कधीच होत नाही. दुधाला खूप वेळ लागतो. मी त्या स्टुलावर बसून राहतो. पूर्वी एवढा वेळ मला कधी नसायचा. आता दूध तापेपर्यंत वाचायला माझ्याजवळ कुणाचा कागद नाही. उतू मात्र जाऊ देत नाही.

या केसनं काय शिकवलं, असं विचाराल तर सांगतो. वस्तू बिघडली की कुणी बनवली हे विचारायच्या आधी, मधल्या काळात तिला कुणी हात लावला, हे विचारावं. 'हल्ली' लिहून पुढं जाऊ नये, दिवस विचारावा. हातानं काम करणाऱ्या माणसानं आपलं काम चुकलं नाही म्हटलं, तर निदान एकदा भिंग घेऊन बसावं. आणि आपल्या भाषेत रडणाऱ्याचा जबाब दोनदा तपासावा.

आणखी एक आहे. केस डायरीत मी लिहिलं होतं, 'मुद्देमालाची बारकाईने पाहणी करता असे निष्पन्न झाले.' त्याबद्दल वरिष्ठांनी माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा मारला. तो घरी वाचून दाखवला तेव्हा ती हसली होती. म्हणाली, "बारकाईनं कुणी पाहिलं?" मी म्हटलं, कधीतरी लिहीन. तिनं पेन्सिल पुढं केली होती. मी घेतली नाही, जेवायला बसलो.

नावं न लिहिण्याचा नियम इथपर्यंत पाळला. दुकानदाराचं, पोराचं, अक्काचं, माझंही नाव लिहिलं नाही. एक मात्र लिहितो, कारण ते कुठल्याच कागदावर आलं नाही आणि ते लिहायला मी उशीर केला.

तिचं नाव अंबूबाई.